तारीख ठरली, बर्फ ठरेना

२०२५च्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ ते २५ फेब्रुवारी या चार दिवसांत व्हायचा होता. काही दिवस आधी निरोप आला की उतारांवर पुरेसा बर्फ नाही, स्पर्धा पुढे ढकलल्या आहेत. मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जोरदार हिमवृष्टी झाली आणि स्पर्धा अखेर ९ ते १२ मार्चला पार पडल्या.

महाराष्ट्रात बसून वाचताना पंधरवड्याचा हा उशीर किरकोळ वाटतो. काश्मिरी माणसाला तो तसा वाटत नाही. तिथल्या लोकपंचांगात कडक हिवाळ्याचे सत्तर दिवस मोजून ठेवलेले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा चिल्लई बच्चा. मार्च उजाडतो तसे हे सत्तर दिवस सरतात. म्हणजे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या उतारांवरच्या हिवाळी स्पर्धा काश्मीरचा मोजलेला हिवाळा संपल्यावर भरल्या.

संपादकांनी या अंकाचा विषय ‘ऋतूंचं बिघडलेलं वेळापत्रक’ असा कळवला, तेव्हा आपल्याकडच्या अवकाळीवर लिहिणारे पुष्कळ असणार हे उघड होतं. मला गुलमर्ग पाहायचं होतं. जिथे ऋतू हेच मैदान असतं, तिथे ऋतू चुकला की नेमकं काय अडतं, कुणाचं अडतं, हे जवळून बघावं म्हणून मी मार्चमध्ये तिथे गेले.

टंगमर्गच्या वर

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा टंगमर्गपासून वर चढणाऱ्या घाटाचे. बर्फ असेल तर इथेच गाडी थांबते आणि चाकांना साखळ्या चढतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारी दुकानं आहेत. महाराष्ट्रातून इतके लोक येतात की दुकानदारांच्या तोंडी चार मराठी शब्द सहज असतात. दहा-बारा गमबुटांतून मापाचा जोड शोधायचा, मोज्यावर मोजा चढवायचा आणि वर निघायचं, हा काश्मीर सहलीतला ठरलेला टप्पा. वर बर्फ नसेल तर हे कोट आणि बूट दिवसभर खिळ्यालाच राहतात. बर्फाची टंचाई सगळ्यांत आधी या रस्त्यावर दिसते, उतारांवर नंतर.

गुलमर्ग हे पीर पंजालच्या कुशीतलं सुमारे २,६५० मीटर उंचीवरचं विस्तीर्ण कुरण. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तिथेच हिवाळ्यात नॉर्डिक स्कीइंगच्या, म्हणजे सपाटीवरून आणि हलक्या चढउतारांवरून लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. कुरणाच्या कडेला गोंडोलाचं, म्हणजे रज्जुमार्गाचं, स्थानक. पहिला टप्पा कोंगडूरीला, ३,०८० मीटरवर नेऊन सोडतो. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. उंची वाढली की हवा गार होते, ढोबळमानाने दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी. त्यामुळे एकाच सकाळी या डोंगरावर तीन वेगवेगळे हिवाळे असतात. मी गेले तेव्हा कुरणाच्या कडेने ओली काळी माती उघडी पडू लागली होती, कोंगडूरीला चांगला थर होता आणि अफरवटवर डोळे दिपवणारा पांढरा उजेड होता. पर्यटकाला हे तिन्ही एकाच फेरीत पाहायला मिळतात. स्पर्धेच्या आयोजकाचं तसं नसतं. त्याच्या काही शर्यती कोंगडूरीच्या उतारावर होतात, तर काही खालच्या कुरणात. आणि बर्फ आधी खालचाच जातो.

या उतारांचा इतिहास जुना आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९४८च्या डिसेंबरमध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने सैन्याची स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. बर्फावर चालणं, घसरणं, त्यात तग धरणं हे सैनिकांना शिकवणारी ही संस्था आजही गुलमर्गलाच आहे, आणि हिवाळी स्पर्धांच्या पदकतक्त्यात सैन्यदल वर असतं यात नवल नाही. १९९८, २००४ आणि २००८ साली राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा इथेच भरल्या आणि २०२०पासून ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या. डोंगर, शाळा, गोंडोला, शिकवणारे हात, सगळं जागच्या जागी आहे. फक्त बर्फ वेळेवर येईल याची खात्री उरलेली नाही.

भूमध्य समुद्राकडून येणारा बर्फ

काश्मीरच्या बर्फाचं मूळ काश्मीरमध्ये नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात हिवाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यावर स्वार होऊन ती इराण, अफगाणिस्तान ओलांडत, वाटेत कॅस्पियन समुद्र आणि अरबी समुद्राकडची ओल घेत हिमालयावर येऊन आदळतात. आपले हवामानतज्ज्ञ त्यांना ‘पश्चिमी झंझावात’ म्हणतात. हे झंझावात एकामागून एक आले की गुलमर्गची छपरं बर्फाने भरतात, आणि आपल्याकडे नाशिक-निफाडला हुडहुडी भरते तीही पुष्कळदा त्यांच्याच पाठोपाठ खाली सरकलेल्या थंड हवेने.

अलीकडच्या काही हिवाळ्यांत हे झंझावात ऐन चाळीस दिवसांत दुबळे पडतात किंवा उत्तरेकडून निसटून जातात. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ उघडं होतं. पिवळ्या गवतावर उभ्या असलेल्या गोंडोलाची छायाचित्रं देशभर फिरली. इतकं कोरडं गुलमर्ग हिवाळ्यात कधी पाहिलं नव्हतं, असं ओमर अब्दुल्लांनी जाहीरपणे लिहिलं. खोऱ्यात ठिकठिकाणी पर्जन्यासाठीची खास नमाज पढली गेली. त्या हिवाळ्यात प्रशांत महासागरात एल निनो होता, हे त्यातलं एक कारण. पण पुढच्या वर्षी एल निनो नव्हता, तरी जानेवारी आणि फेब्रुवारीचा बराचसा भाग कोरडाच गेला. एखादा हिवाळा कोरडा जाणं काश्मीरला नवं नाही. लागोपाठ जाणं आणि त्यात हवा तापत जाणं, हे नवं आहे. कारण तापमान दोन अंशांनी वाढलं तरी जिथे हिम पडायचं तिथे पाऊस पडतो, आणि पावसाने साठलेला बर्फही धुऊन जातो.

उशिरा का होईना, पडला ना बर्फ, असं कुणी म्हणेल. ज्याने आपल्याकडची शेती पाहिली आहे त्याला उत्तर लगेच उमगेल. मृगात दडी मारलेला पाऊस हस्तात कोसळला तर सरासरी भरून निघते, खरीप निघत नाही. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. त्याच्यावर रात्रीमागून रात्री गोठत जातात, थरावर थर दबतात आणि तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मार्चचा बर्फ ओला असतो. दिवस मोठा झालेला असतो, ऊन डोक्यावर आलेलं असतं. तो भराभर येतो आणि भराभर जातो.

त्यात धोकाही आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ थर पडून मग बरेच दिवस काही पडलं नाही, तर खालची उबदार जमीन आणि वरची गोठवणारी हवा यांच्या मधे त्या थरातले कण साखरेसारखे सुटे, ठिसूळ होतात. नंतर अचानक पडलेला जाड बर्फ अशा ठिसूळ पायावर बसतो आणि एखाद्या स्कीच्या धक्क्यानेही सबंध उतार सुटू शकतो. २२ फेब्रुवारी २०२४ला, गुलमर्गमध्ये खेलो इंडिया स्पर्धा चालू असतानाच, वरच्या खिलनमर्गकडे हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. तो स्पर्धक नव्हता, आणि त्या एका घटनेचं खापर नुसतं कोरड्या जानेवारीवर फोडणं बरोबर होणार नाही. पण बर्फ किती पडला याइतकंच तो कशावर पडला हेही महत्त्वाचं असतं, आणि ते सहलीच्या जाहिरातीत कधी नसतं.

शर्यतीला कसला बर्फ लागतो

पर्यटकाला मऊ बर्फ आवडतो. शर्यतीला तो नको असतो.

स्लॅलममध्ये खेळाडू एकापाठोपाठ एक, त्याच खांबांमधून, जवळजवळ त्याच रेषेवरून वळणं घेत उतरतात. उतार मऊ असेल तर पहिल्या पाच-दहा जणांतच त्या रेषेत चर पडतात आणि तिसावा उतरतो त्याच्या वाट्याला वेगळाच डोंगर येतो. म्हणून आधी पायाचा थर लागतो. पडलेला बर्फ पट्ट्याच्या यंत्रांनी दाबायचा, रात्री गोठू द्यायचा, पुन्हा दाबायचा. हे पुरेशा थंड रात्री मिळाल्या तरच जमतं. थर पातळ असेल तर खालचे दगड स्कीच्या कडा खातात, आणि ताशी साठ-सत्तर किलोमीटरने येणाऱ्या मुलामुलींच्या गुडघ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

स्पर्धा मार्चमध्ये गेल्या की घड्याळही बदलतं. सकाळी उतार काचेसारखा कडक असतो, दुपारी त्याची लापशी होते. शर्यती लवकर उरकाव्या लागतात. जगभर अशा वेळी उतारावर चक्क मीठ टाकतात: मिठाने वरचा ओला थर थोडा आणखी वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मग सगळं मिळून घट्ट गोठतं. काही तासांची सोय होते, पण हा उपाय हंगामाची उणीव भरून काढत नाही.

खेळाडूंचं नुकसान मात्र दिसत नाही, कारण ते न झालेल्या सरावाचं असतं. तारीख पंधरा दिवस पुढे गेल्याने पदकं रद्द होत नाहीत. पण डिसेंबर-जानेवारीत उतारावर काढायचे जे दिवस हातातून गेले, ते युरोपातल्या त्याच वयाच्या मुलांनी काढलेले असतात. स्कीपटू आरिफ खान हे टंगमर्गचे. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचं दुकान, स्वतः चौथ्या वर्षापासून बर्फावर. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते भारताचे एकमेव खेळाडू होते. त्यांनी ऑलिंपिकची एक पात्रता मिळवली माँटेनेग्रोत आणि दुसरी दुबईच्या छपराखालच्या कृत्रिम उतारावर. गुलमर्गच्या मुलाला ऑलिंपिकचं दार वाळवंटातल्या बर्फावर उघडावं लागलं. तिथे पात्रता शर्यत भरली होती हे तात्कालिक कारण झालं. पण जिथे भरवशाचा बर्फ असेल तिथेच अशा शर्यती जातात, आणि त्या यादीत आपण नाही.

यंत्रातून पडणारं हिम

बीजिंगला आरिफ ज्या उतारावरून उतरले, त्यावरचा बर्फ आकाशातून पडलेला नव्हता. यानचिंग आणि झांगजियाको हा चीनचा थंड पण कोरडा प्रदेश. तिथल्या शर्यती जवळजवळ संपूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झाल्या. यंत्राचा बर्फ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला १९८०मध्ये, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला. त्याही आधी, १९६४ साली इन्सब्रुकला हिमच पडेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फ वाहून आणून मार्ग तयार केले. २०१०च्या व्हँकूव्हर स्पर्धांत सायप्रस माउंटनवर गवताच्या पेंढ्या रचून त्यांवर ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणलेला बर्फ पसरला होता.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली जुनी एकवीस यजमान शहरं तपासली. प्रदूषण आजच्यासारखंच वाढत राहिलं, तर शतकाच्या अखेरीस त्यांतलं एकच शहर हिवाळी ऑलिंपिक भरवशाने घेऊ शकेल: जपानमधलं साप्पोरो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्वतःच सांगितलं आहे की २०४०पर्यंत हिमक्रीडांसाठी योग्य हवामान असलेले जेमतेम दहा देश उरतील. आल्प्समध्ये दीडशे वर्षांची पर्यटनव्यवस्था आहे, तळी आहेत, वीज आहे, विमे आहेत, आणि तरीही तिथे ही चिंता आहे.

मग गुलमर्गलाही यंत्रं बसवावीत का? हा प्रश्न मला तिथे अनेकांकडून ऐकू आला, आणि तो विचारणाऱ्यांची तगमग खरी आहे. यंत्राचं काम समजायला सोपं आहे. दाबाखालचं पाणी आणि हवा बारीक तुषारांच्या रूपात उडवायची. तुषार जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी हवा थंड हवी आणि कोरडीही, कारण कोरड्या हवेत तुषारांचं थोडं बाष्प होतं आणि उरलेलं पाणी आणखी गार पडतं. कोरड्या हिवाळ्यातल्या गुलमर्गच्या रात्री याला पुरेशा थंड असतात. अडचण थंडीची नाही.

अडचण पाण्याची आहे. एक हेक्टर उतारावर एक फूट यंत्राचा बर्फ पसरायचा तर बारा-पंधरा लाख लिटर पाणी लागतं. स्पर्धेला असे कितीतरी हेक्टर लागतात, आणि मधे ऊन तापलं की पुन्हा सुरुवात. हे पाणी हवं असतं ते नेमकं ज्या हिवाळ्यात डोंगरावर काही साठलेलं नाही त्या हिवाळ्यात. अफरवटकडून उतरणाऱ्या निंगल नाल्यावर खालच्या गावांची तहान आणि शेती अवलंबून आहे. वीजही तशीच. काश्मीरची वीज मुख्यतः नद्यांवरची. नद्या आटल्या की निर्मिती घटते आणि घराघरांत भारनियमन होतं. अशा वेळी उतारासाठी पंप चालवायचे का? माझं उत्तर ‘नाही’ आहे.

उत्तराखंडच्या औलीचा अनुभवही डोळ्यांसमोर आहे. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बर्फ तयार करणारी यंत्रं आली, पाण्यासाठी डोंगरावर तळं झालं. तरीही २०१८च्या जानेवारीतली आंतरराष्ट्रीय शर्यत आणि २०२३च्या फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्याच.

आधी पाणी, मग खेळ

२०२५च्या फेब्रुवारीत, गुलमर्गच्या स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या त्याच सुमारास, दक्षिण काश्मीरमधला अचबलचा झरा आटला. हा मुघल बागेतला प्रसिद्ध झरा. आजूबाजूच्या अनेक गावांची पाणीयोजना त्यावर आहे. झेलमचं पात्रही त्या दिवसांत खोल गेलं होतं. खेळाच्या पानावरची बातमी आणि ही बातमी मुळात एकच आहे. डोंगरावरचा बर्फ हे खोऱ्याचं धरण. एप्रिलपासून ते हळूहळू सुटतं, त्यावर भाताची रोपं लागतात, सफरचंदाच्या बागा जगतात. सफरचंदाच्या झाडाला तर पाण्याआधी थंडीच हवी असते; हिवाळ्यात पुरेसे तास गारठा मिळाला नाही, तर बहर मागेपुढे होतो आणि लवकर आलेल्या फुलांना उशिराची गारपीट गाठते. वाशीच्या आणि पुण्याच्या बाजारात येणारी काश्मिरी पेटी याच थंडीच्या हिशोबावर भरते.

खेळांकडे परत यायचं तर, खेलो इंडियाचा पहिला टप्पा लेहला होतो, तो बहुधा सुखरूप पार पडतो. तिथे हिमवृष्टीची गरज नसते, साठलेलं पाणी गोठलं की पुरतं, आणि जानेवारीतल्या लडाखमध्ये ते गोठतं. आइस स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुलं तिथे पदकं मिळवतात. एरवी ती फरशीवर चाकांचे स्केट घालून सराव करतात. गुलमर्गच्या उतारांना असा पर्याय नाही.

तारखेचा हट्ट

गोंडोलाच्या पायथ्याशी लाकडी स्लेज घेऊन बसलेली माणसं दिसतात. पर्यटकाला बसवून चढावर ओढत नेतात, उतारावर पुढे बसून आणतात. हिवाळ्यात स्लेज, उन्हाळ्यात घोडा किंवा शेती, असं बहुतेकांचं वर्ष. स्कीचे प्रशिक्षक, साहित्य भाड्याने देणारे, हॉटेलात बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवणारी मुलं, सगळ्यांची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत एकवटलेली. त्यांच्यापैकी अनेकांनी मला सांगितलं, की बर्फ नाही असं वाहिन्यांवर दिसलं की दुसऱ्या दिवसापासून खोल्या रद्द व्हायला लागतात, आणि बर्फ पडल्यावर ते लोक परत येत नाहीत. २०२५मध्ये त्यावर २२ एप्रिलचा पहलगामचा हल्ला झाला. सव्वीस माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहाजण. त्या घरांच्या दुःखापुढे पर्यटनाचा हिशोब मांडायला जीभ रेटत नाही. पण खोऱ्यातल्या हंगामावर जगणाऱ्या घरांच्या चुली त्यानंतर विझत आल्या, हेही नोंदवलं पाहिजे.

बर्फ आणणं कुणाच्या हातात नाही. तारीख आहे. जागतिक करंडकाच्या शर्यतींआधी साधारण दहा दिवस उतारांची अधिकृत तपासणी होते आणि बर्फ पुरेसा नसेल तर शर्यत हलवली जाते. आपल्याकडे तारीख ठरते मंत्रालयात, मग सगळे आकाशाकडे डोळे लावून बसतात. त्याऐवजी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना स्पर्धांसाठी मोकळा ठेवावा. कोंगडूरीला आणि खालच्या कुरणात किती थर झाला की शर्यती सुरू होतील हे आधीच जाहीर करावं. संघांचे प्रवास आणि राहण्याचे पैसे त्या लवचीकपणाने मंजूर करावेत. तमिळनाडू किंवा महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलाचं रेल्वे आरक्षण वाया गेलं, तर तो भार त्याच्या पालकांवर पडू नये. यंत्रांवर घालायचे पैसे इथे घातले तर ते खेळाडूंपर्यंत पोचतील. आणि उरलेले हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या माणसांवर खर्च व्हावेत.

वाचकांना एक विनंती. ज्यांचं मन पुन्हा काश्मीरकडे वळेल, त्यांनी गुलमर्गचा बेत डिसेंबरच्या सुटीत न कोंबता फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आखावा. आणि गेल्यावर बर्फ नसलाच, तर ठरवलेल्या स्लेजवाल्याला आणि प्रशिक्षकाला त्या दिवसाचे पैसे देऊनच खाली उतरावं.